नदीवरचा आडोसा

देवाकडे जीव मागताना मला कधी संकोच वाटला नाही. जीव वाचला, आणि मग त्याच देवापुढे उभं राहून छातीसाठी काही मागायची वेळ आली, तेव्हा मात्र माझी मान वर होईना. हे कोणापुढे बोलायचं म्हटलं तर आजही जीभ अडखळते. म्हणून लिहून काढते आहे.

मी कुरखेड्याला ब्लाऊज शिवते. ओसरीत माझं मशीन आणि मशीनच्या वर भिंतीवर महादेवाचा फोटो. गावातल्या निम्म्या बायांची मापं मला तोंडपाठ आहेत. कोणाचा खांदा उतरता, कोणाची एक बाजू जरा भरलेली, हे त्यांच्या नवऱ्यांना ठाऊक नसेल तेवढं मला ठाऊक असतं. नवीन कटोरी कशी बसते ते बाया आधी माझ्या अंगावर बघतात आणि मग कापड टाकतात. मीही मोठ्या ऐटीत फिरून दाखवायची. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ कॅन्सरची आहे, डावा स्तन काढावा लागेल असं सांगितलं, तेव्हा मरणाच्या भीतीबरोबर हेही मनात येऊन गेलं, की आता माझ्या अंगावर बाया काय बघतील. मरणाच्या दारात उभी राहून मी मापाचा विचार करत होते.

डॉक्टर म्हणाले, हवं असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये कातडीच्या आत सिलिकॉनची पिशवी बसवून उभार देता येईल. मात्र कोणाकोणाला त्यात पुढे त्रास होतो, हेही त्यांनी सांगितलं. घरात कोणालाच ते पटलं नाही. नवरा धानाच्या गिरणीत कामाला आहे, अबोल माणूस. तो एवढंच म्हणाला की तू राहिलीस म्हणजे झालं. सासूबाईंना तर हे सगळं हौसेचं खूळ वाटलं. पण मी हट्ट धरला आणि रडून-भेकून पुरा करून घेतला. शेवटी त्याच विरघळल्या आणि सून धड घरी आली तर मार्कंड्याच्या महादेवाला ओलेत्याने दर्शनाला आणीन, असा नवस बोलून बसल्या.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, डोक्यावर नवे केस आले. शेजारणी म्हणायच्या, काही झालं होतं असं वाटतच नाही. ते ऐकून मी सुखावून जायची. मग शिवरात्र जवळ आली असताना डावी बाजू लाल दिसायला लागली. हात लावला की चुलीजवळच्या भांड्यासारखी गरम लागायची. पुढे टाक्याच्या टोकाला बारीकशी फट पडली आणि आधी पाणी, नंतर पू यायला लागला. असं काही दिसलं तर एक दिवसही थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मी काय केलं? ब्लाऊजला दुहेरी अस्तर लावलं. आत कापसाची घडी ठेवायची, वर पावडर मारायची, संध्याकाळी अंग कसकसलं की तापाची गोळी घ्यायची. माझी शिलाई इतकी सफाईची की बाहेर डाग म्हणून दिसला नाही. तेव्हा त्या सफाईचंही मला बरं वाटलं होतं.

कोणाला सांगितलं नाही, कारण हट्ट माझा होता. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने जायचं? मनाने घेतलं की ही देवाची चपराक आहे. त्याने जीव दिला होता, तेवढ्यावर माझं भागलं नाही, वर आणखी डौल पाहिजे होता. मशीनवर बसले की फोटोकडे बघायची हिंमत होईना. वर्षानुवर्षं सोमवार धरणारी मी, प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून निघेना. त्यातच नवस. पू वाहणारं अंग घेऊन देवाला जायचं कसं, आणि नवस बोललेला असताना जायचं नाही तरी कसं? शेवटी मीच माझी समजूत काढली की नदीत बुडी मारू, पाप धुऊन जाईल, देवाचं देणं फिटेल आणि मग दवाखान्याचं बघू. आज हे लिहिताना स्वतःचीच कीव येते.

मार्कंड्याला जत्रा भरली होती. आमचे हे दर्शनाच्या रांगेचा अंदाज घ्यायला पुढे गेले. सासूबाई पिशव्या राखत वाळूत बसल्या आणि मी वैनगंगेच्या काठाला, बायांच्या बाजूला गेले. तिथे कपडे बदलायला खोली वगैरे काही नाही. वाळूत एक बांबू रोवायचा, लुगड्याचं एक टोक त्याला बांधायचं आणि दुसरं टोक कोणीतरी बाईने धरायचं, की झाला आडोसा. ओळखपाळख लागत नाही. एकीचं झालं की ती बाहेर येऊन दुसरीसाठी धरते. रीत एवढीच, की धरणारीने तोंड नदीकडे ठेवायचं. मी गेल्या गेल्या ते टोक हातात घेतलं आणि एकामागून एक बायांसाठी धरूनच उभी राहिले. केवढी सेवाभावी बाई, असं कोणाला वाटलं असेल. खरं तर माझी वेळ मी पुढे ढकलत होते.

नुकतीच नाहून आलेली एक म्हातारी माझ्याजवळ आली. हातावर कोपरापर्यंत गोंदण, केसांतून पाणी निथळत होतं. बोलण्यावरून एटापल्लीकडची वाटली. तिने माझ्या हातातून लुगडं काढून घेतलं. "जाय आता तू. केव्हाची उभी हायेस. मी हाय न इथी."

मी आत गेले. घडी काढून नुसत्या साडीवर पाण्यात उतरायचं ठरवलं होतं. हूक काढले, अस्तर सोडवलं, कापूस चिकटला होता तो ओढताना तोंडातून हूं निघालं. मान वर केली तर म्हातारीचं तोंड नदीकडे नव्हतं. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मला भयंकर राग आला. तिकडे पाहा ना बाई, असं मी जवळजवळ खेकसलेच. तिने काही मनावर घेतलं नाही. लुगडं एका हाताने तसंच ताणून धरलं आणि दुसऱ्या हाताची पाठ माझ्या मानेला लावली.

"आंग तापून राह्यलं तुहं," ती म्हणाली. "या पान्यात नोको जाऊ."

मी म्हटलं, नवस आहे, ओलेत्याने जायचं आहे, आज चुकवता येत नाही. तिने पायाशी ठेवलेला आपला लोटा उचलला, माझ्या पदराच्या टोकावर पाणी ओतलं आणि ते एका मुठीत पिळून माझ्या हातात दिलं.

"झाला पदर ओला. महादेवाले एवढं पुरते. आता घरच्याले सांग."

सांगवत नाही, म्हणून मी रडायलाच लागले. सोबत कोण आहे असं तिने विचारलं. मी बोटाने सासूबाई दाखवल्या. ज्यांच्यापासून लपवायला मी अस्तरावर अस्तर शिवलं, त्यांनाच तिने हाक मारून आडोशाच्या आत बोलावलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही. ऑपरेशनच्या टेबलावरही नाही. दोन्ही हातांनी झाकायला गेले, पण सासूबाईंनी माझे हात हळूच बाजूला केले.

"काऊन नाई सांगतलं?"

"मीच हट्ट केला होता, आई. कोन्या तोंडानं सांगू?"

त्यांनी माझं सुटलेलं अस्तर सारखं केलं. मग म्हणाल्या, "अन् नवस कोन बोललं होतं? मीच न. माह्या नवसापायी तू ही आग घेऊन फिरून राह्यली." त्यांनी आपल्या हाताने माझे हूक लावले. घाईत एक हूक वरच्या फासात गेला. तशाही अवस्थेत माझ्या ते लक्षात आलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

दर्शन काही झालं नाही. वाळूतूनच मंदिराच्या शिखराकडे ओल्या पदराने हात जोडले आणि कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द निघाले. मी म्हटलं, देवा, माझ्याच्याने आता लपवणं होत नाही, तू बघ. सासूबाईंनी रांगेतून बोलावून सांगितल्यावर यांनी जीप केली. आधी गडचिरोली, तिथून नागपूर. पिशवी काढावीच लागली. विष रक्तात उतरायच्या बेतात होतं आणि उघड्या जखमेत नदीचं पाणी गेलं असतं तर फार अवघड झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी कोणाला सांगत बसत नाही. शुद्धीवर आल्यावर डावीकडे हात गेला आणि मी हुंदके देऊन रडले. जीव दुसऱ्यांदा वाचला तरी रडतेय, म्हणून वर लाजही वाटली. उशाशी सासूबाई होत्या. "रड," त्या म्हणाल्या. "बोट गेलं असतं तरी रडली असतीस न."

माझी लाज गेली, असं मी म्हणणार नाही. एका बाजूला कापूस भरून मीच माझा ब्लाऊज शिवते आणि गिऱ्हाईक आलं की हात अजूनही पदराकडे जातो. पण फोटोकडे आता मान वर करून बघते. पूर्वी मला वाटायचं, की देवापुढे जायचं तर धुऊन-पुसून, धड होऊन जायचं. त्याने मला जवळ घेतलं ते मात्र पुवाने भरलेली असताना, आणि तेही मी त्याच्यावर खेकसल्यावर.

पुढच्या शिवरात्रीला आम्ही परत गेलो. मी नदीत उतरले, ओलेत्याने दर्शन घेतलं. सासूबाईंनी लुगडं धरलं होतं, तोंड नदीकडे करून. त्या म्हातारीला मी सगळ्या काठाने शोधलं. नाव विचारलं नव्हतं, गावही नाही. ती कुठे दिसली नाही. तिचे उपकार फेडायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी जाऊन लुगड्याचं टोक धरून उभी राहिले. बाया येत होत्या, जात होत्या. मी रीतीप्रमाणे नदीकडे बघत होते. फक्त प्रत्येकीला विचारत होते, "बरं हाये न, बाई?" आतून हो यायचं, कोणी हसायचं, कोणी म्हणायचं, पानी लय थंड हाये.

एकीने काहीच उत्तर दिलं नाही. मी परत विचारलं. मग लुगडं तसंच ताणून धरलं आणि वळून तिच्याकडे पाहिलं.