सासूबाईंना दिलेला आजार

ऑफिसच्या संस्कृती सप्ताहात मी गुलाबी ऑर्किडवर वीस मिनिटं बोलले होते. जुन्या ग्रीसमध्ये ऑर्किडच्या मुळांवरून मुलगा होणार की मुलगी हे ठरवत. चीनमध्ये ते सज्जन विद्वानाचं फूल. जपानमध्ये नव्या दुकानाच्या दारात ठेवतात. एकेकाळच्या इंग्लंडमध्ये ते श्रीमंती मिरवायचं साधन. गुलाबी रंग म्हणजे माया आणि कोमलता, असं फुलं विकणारे सांगतात. विभागप्रमुखांनी भाषणात मला ‘दोन संस्कृतींमधला पूल’ म्हटलं. पुलावरून कोणी गेलं नाही. सगळे केककडे गेले.

जर्मनीतला अर्थ मी सांगितला नाही, कारण तो समोरच्या सगळ्यांना ठाऊक होता. खिडकीत फुललेलं ऑर्किड म्हणजे या घरात सगळं वेळच्या वेळी होतं.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला आमच्याकडे आल्या. वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. चौथ्या दिवशी सकाळी देवांपुढे चार गुलाबी फुलं दिसली.

“आई, ही कुठून आणलीत?”

“जिन्यातून. खालच्या बाईंची कुंडी आहे ना खिडकीत. आपल्याकडे आंब्यावर सीतेची वेणी फुलते, तिची थोरली बहीण दिसते ही. घाबरू नकोस, दोन फुलं आणि कळ्या ठेवल्यात. झाड कधी ओरबाडू नये.”

“अहो, पण विचारायचं तरी!”

“देवाच्या फुलांना कसलं विचारायचं? अर्धं पुण्य तिलाच जातं. बसल्या जागी.”

दुपारी खालची शेजारीण कुंडी हातात घेऊन दारात उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. झाड दोन वर्षांनी फुललं होतं, म्हणाली. हे कोणी केलं असेल, मला काही कल्पना आहे का?

आमच्याकडे सकाळी फिरायला गेलेली भली माणसं दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं देवासाठी खुडतात, सासूबाईंना इथली रीत माहीत नव्हती, माफ करा. एवढंच सांगायचं होतं. माझं जर्मन त्याला पुरून उरलं असतं. पण ही आम्हाला रानटी समजेल या भीतीने माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“माझ्या सासूबाईंना डेमेन्त्स आहे.” स्मृतिभ्रंश.

तिचा चेहरा वितळला. तिने माझीच माफी मागितली आणि मी ती दिली.

मग ती सासूबाईंना जिन्यात हाताला धरून उतरवू लागली. त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलू लागली. एकदा सफरचंदाचा केक घेऊन आली. सासूबाई खूश. “तुम्ही लोक उगाच जर्मनांना थंड म्हणता. सख्ख्या बहिणीसारखं करते गं.” मी “हो ना” म्हणायचे.

दोन आठवड्यांनी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावर एक माहितीपत्रक ठेवलं. वर म्हाताऱ्या हातात तरुण हात.

“हे तिने दिलं. हा शब्द डिमेन्शियाच ना?”

मी कणीक मळत होते. मळतच राहिले.

“फुलांमुळे सांगितलंस?”

“हो.”

“चोर म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं. चोराला निदान डोकं असतं.”

मी म्हटलं, आत्ता खाली जाते आणि खरं सांगते. हात धुवेपर्यंत तरी ते मनापासून होतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी महिन्या-दोन महिन्यांत जाणार. तुला इथे राहायचंय. ती उद्यापासून तुझ्याकडे खोटारडी म्हणून बघेल.”

मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला अजूनही त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच वाटते.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी बाहेर निघालो होतो. जिन्यात शेजारीण भेटली. पत्रकात सांगितलं असावं, तिने सासूबाईंना मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, आज कोणता वार?

जर्मन वार त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाठ केले होते. त्या दिवशी त्यांचा गुरुवारचा उपास होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“झोनटाग,” त्या म्हणाल्या. रविवार.

शेजारणीने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि माझ्याकडे बघून हळहळत मान हलवली. मीही हलवली.