चुन्याची डबी

दसरथ मिस्त्रींच्या कमरेला चुन्याची डबी असे, आणि ते तंबाखूला शिवतही नसत. गोंदियात कुणाला याचं कारण विचारलं तर लोक हसत, ‘त्यायलेच पुसा.’ मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, ‘कायले पाह्यजे? खाशील का?’

आमची गाठ पडली ती विडी कामगारांच्या मोटारीमुळे. बायकांनी वळलेल्या विड्यांतून ठेकेदार मूठमूठ विड्या ‘छाट’ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढत, त्यांची मजुरी देत नसत, आणि वर त्या विकायला ठेवूनही घेत. ही चोरी आहे; दुसरा शब्द नाही. त्याविरुद्ध कोहमाऱ्याला सभा होती. तिकडे आगगाडीचे रूळ नाहीत, म्हणून एका मालगुजाराच्या गोठ्यात वर्षानुवर्षं पडलेली मोटार आम्ही संघटनेवाल्यांनी मागून आणली. मिस्त्रींनी ती चालती करायची होती. त्यांची बायको यशोदाबाई विड्याच वळत. तेव्हा हा माणूस घाई करील, असा माझा समज.

घाई त्यांना ठाऊक नव्हती. इंजिनाचं बळ मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, काढायचा होता. मिस्त्री मोटारीखाली आडवे झाले. पाना लावण्याआधी डबी उघडली आणि जोडाच्या दोन्ही तुकड्यांवरून चुन्याचं एक सलग बोट ओढलं.

‘खोलाच्या आधी कसं होतं, ते लिहून ठेवा लागते,’ ते म्हणाले. ‘मले अक्षर येत नाही. चुना येते.’

सभेच्या सकाळी दुरुस्त तुकडे मांडून ते घरी जेवायला गेले. ‘आल्यावर बसवू.’ माझा धीर सुटला. मी शाफ्ट रॉकेलनं धुऊन लख्ख केला, दात्यांत दाते सरकवले, बोल्ट आवळले. सहज बसलं, म्हणजे बरोबरच बसलं!

मिस्त्री परतताच त्यांना मी तसंच चालवायला बसवलं. सडकेवर वेग घेताच मोटार हिवताप भरल्यासारखी थरथरली. सभेसाठी मी लिहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे उड्या मारू लागले. मिस्त्रींनी ब्रेक दाबला.

‘चुना कोठी गेला?’

‘धुतला.’

‘बापा! तू त गवाहच धुतला.’

मी चिडलो. ‘तुमच्यासारख्या संथ लोकांमुळेच ठेकेदारांचं फावतं! बायका तिथं जमल्या असतील!’

‘त्यात मायी बायकोबी आहे. कालच बैलबंडीनं गेली,’ मिस्त्री म्हणाले आणि सडकेवरच खाली शिरले.

शाफ्टच्या दोन टोकांना दोन काटे होते. एक आडवा, दुसरा तिरपा झाला होता. ‘दोघं खाट उचलून राहिले. एक उठला तवा दुसरा बसला, त खाटेवरचा म्हातारा कोठी जाईन?’ काटे एका रेषेत आणायला दोन जागा होत्या, आणि खरी कोणती हे फक्त चुन्याला ठाऊक होतं. त्यांनी एक धरली, मोटारीत पाण्याचा लोटा ठेवला आणि गाडी पळवली. पाणी नाचलं. पुन्हा खोललं, अर्धा फेरा फिरवून बसवलं. या वेळी पाणी निजलं.

वाटेत ते म्हणाले, ‘वाच गा पत्रकवाल्या, काय लिहिलं ते.’

मी ठणकावून वाचलं, ‘ही ठेकेदारी उखडून फेका!’

‘मंग? उखडल्यावर बसवाचं कसं, ते कोन्त्या पानावर आहे?’

पत्रक एकपानी होतं.

पोचलो तेव्हा बायका उठायला लागल्या होत्या. मी पत्रक खिशातच ठेवलं आणि विचारलं, ‘छाट नेमकी कशी काढतात, ते सांगा.’ मग यशोदाबाई उठल्या. ‘पाठ फिरली का चांगल्या विड्याबी छाटीत जाते. आमच्यासमोर निवडा. जे खराब, ते तेथीच मोडा. मोडली विडी कोन विकन?’ पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी तेवढंच लिहिलं. आम्ही भांडलो ते त्याच मागणीवर, आणि ठेकेदारांना विड्या मोडाव्या लागल्या.

मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात लू लागून गेले. मी यशोदाबाईंना भेटायला गेलो आणि भीत भीत डबी मागितली.

‘कायले पाह्यजे?’ यशोदाबाई म्हणाल्या. ‘खाशील का?’

‘नाही काकू. नवं पत्रक लिहायचं आहे.’

डबी त्यांनी दिली नाही. बोटभर चुना दिला.