बेटावरचे रोडगे

रोडग्यांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, नागपूरची असून रोडगे खात नाहीस? नाही खात. काहून नाही खात, ते आज सांगूनच टाकते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकवायला मुली घेणार होते आणि मला मुलाखतीचं पत्र आलं होतं. सोमवारी सकाळी दहा वाजता. सत्तरच्या दशकातली गोष्ट; आमच्या घरात पोरीने मॅट्रिकपुढे काही करायचं म्हणजे आधी सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढायच्या. बाबांना राजी करायला मला सहा महिने लागले होते. पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबतच बाळगायची. घरात कोणाचा भरवसा नव्हता.

नेमके त्याच आठवड्यात मोठ्या बाबांचे जावई आले. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांना त्यांनीच शिकवलं, त्यांनीच नोकरीला चिकटवलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या मुलीचं नुकतंच पुण्याला लग्न झालं होतं आणि जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आले होते. पुण्याचा जावई, मग काय विचारता! तो नुसता खाकरला तरी दोन माणसं पाणी घेऊन धावायची. त्याला म्हणे कॅम्पिंगची हौस. तंबूत राहायचं, नावेतून बेट पाहायचं. झालं. मोठ्या बाबांनी कुठूनसा तंबू पैदा केला आणि शनिवार-रविवार पारशिवनीपुढच्या तलावावर जायचं ठरवलं. सैपाकाला आई जाणार होती, तिला ताप आला. तिच्या जागी कोण? अर्थात मी. मी सोमवारचं सांगून पाहिलं. रविवारी दिवेलागणीला घरी असू, एवढं काय त्यात, असं म्हणून मोठ्या बाबांनी विषय संपवला.

आभाळानेही दावा साधला. फेब्रुवारीचा महिना, आणि शनिवारी तंबू ठोकून होत नाही तर पाऊस. तंबू चाळणीसारखा गळत होता. मोठे बाबा, बाबा, चुलतबहीण, तिचा नवरा आणि मी, पाचही जण गुडघे पोटाशी घेऊन बसलो. जावई म्हणाले, मजा येतेय. त्यांना येत असेल. शिध्याचं पोतं आणि गोवऱ्या भिजू नयेत म्हणून मीच उठबस करत होते, तरी गोवऱ्या भिजल्याच.

रविवारी सकाळी ऊन पडलं. नाववाल्याने आम्हाला बेटावर सोडलं. बेट कसलं, तलावाचं पाणी चढल्यावर उरलेली टेकडी. वर चार पळसाची झाडं आणि शेंदूर लावलेली देवी. त्याने जाताना बजावलं होतं, उत्तरेकडून आभाळ येऊन राहिलं, दोन वाजता न्यायला येतो, तयार राहा. पाच वाजताच्या एसटीने आम्ही सरळ नागपूर गाठलं असतं.

पण जावयाला बेटावर रोडगे खाऊ घालायचे होते ना! रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे. ते पुरुषांचं काम, बायकांनी फक्त वांग्याची भाजी आणि वरण करायचं. माझा सैपाक बारालाच झाला. गोवऱ्या मात्र ओल्या, नुसता धूर. मोठे बाबा फुंकून फुंकून लालबुंद झाले, निखारे काही पडेनात. मी दोनदा म्हटलं की पोळ्या लाटते, पटकन खाऊन निघू. तर म्हणे, पोळ्या तर पुण्यातही मिळतात.

नाववाला दोनच्या आधीच आला आणि हाका मारू लागला. रोडगे तेव्हा कुठे निखाऱ्यांत पडले होते. मोठे बाबा म्हणाले, जावयाला उपाशी उठवू काय, अर्धा तास थांब. त्या अर्ध्या तासाचा तास झाला. मी रिकामी भांडी घासून, बांधून, काठावर नेऊन ठेवली होती. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रोडगे उलटायला बसले. बाबांचा मला इतका राग आला की ती वांग्याची भाजी तलावात भिरकावून द्यावी वाटलं.

मग गारा आल्या. लिंबाएवढ्या. मोठ्या बाबांनी वरणाचा गंज मातीत रिकामा केला आणि तो जावयाच्या डोक्यावर उपडा धरला. बाकीच्यांची डोकी म्हणजे जणू नारळच. लाटांनी नाव खडकावर आपटून आपटून तिची एक फळी उचकटली.

सूर्य कलला तेव्हा वारा पडला. नाववाल्याने फटीत चिंध्या कोंबल्या आणि सांगितलं की पाणी उपसत दोनच माणसं नेता येतील, आणि अंधाराच्या आत एकच खेप होईल. पलीकडे शेवटची एसटी मिळेल. बाकीच्यांना सकाळी. माझ्या मुलाखतीचं त्याने दिवसभरात ऐकलं होतं. तो बाबांना म्हणाला, "भाऊ, या पोरीले उद्या परीक्षा आहे. इले बसवा, सोबत तुम्ही बसा."

परका माणूस, नाव वल्हवणारा, त्याला कळलं. मोठ्या बाबांना नाही कळलं. त्यांनी सरळ सांगितलं की जावयाला तीन शिंका आल्या आहेत, जावई आधी. आणि जावयाला एकटं कसं पाठवायचं, म्हणून सोबत ते स्वतः. जावई म्हणाले, अहो, तिला जाऊ द्या ना. म्हणाले खरे, पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत नावेत बसले होते. मोठे बाबा चढताना मला सांगून गेले, "पुढच्या वर्षी देजो परीक्षा. दवाखाना कुठं पळून चालला?"

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. बाबा मोठ्या बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. नाव निघाली.

सकाळी आठला नाववाला आला. मग बैलगाडी, मग एसटी. घरी न जाता मी तशीच रामदासपेठेत गेले. लुगड्याला धुराचा वास, पायांना चिखल, हातात पत्र. दोन वाजत आले होते. निवड बाराला संपली होती. मेट्रनबाई फायली बांधत होत्या. त्यांनी पत्र पाहिलं, मला बसवलं, पाणी दिलं, काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. गारा, नाव, बेट. वाटलं, बाईला दया येईल.

त्यांनी विचारलं, "काल संध्याकाळी कोणीच आलं नाही का तिकडून?"

दोघं आले, मी म्हटलं.

"मग तू का नाही बसलीस? कोणी हात धरून ठेवला होता?"

हात कोणी धरला नव्हता. नाव माझ्यापासून चार पावलांवर होती. नाववाला मला बसवायला तयारच होता.

"मले कोणी जा म्हटलं नाही," मी म्हटलं.

बाईंनी फायलीची नाडी बांधली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पोरी, वॉर्डात पेशंटचा श्वास अडकला, तर तेव्हाही कोणी जा म्हणायची वाट पाहशील का?"

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मोठ्या बाबांशी मी ते वारेपर्यंत धड बोलले नाही. बाबांवरचा राग जाता जात नाही, जावयाचं नाव निघालं की आजही तोंडात शिवी येते. पण सगळ्यांत जास्त संताप मला त्या बाईचा येतो. ती बरोबर बोलली म्हणून.