सपाट मान

अंबुबाईंच्या मानेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली ती त्र्याण्णव साली, आणि तेव्हापासून त्यांची मान त्यांची राहिलीच नाही. नवरा गेल्यावर त्या यशवंतपुरात थोरल्या भावाकडे, प्रतापरावांकडे राहायच्या आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्क्रू निवडायच्या.

गल्लीतल्या डॉक्टरांनी क्षयाची गाठ ठरवून नऊ महिने गोळ्या गिळायला लावल्या. पोटाची पार वाट लागली, गाठ ढिम्म! मग त्यांनीच एकदा सुई घातली, तर निघालं नुसतं पिवळसर पाणी. मान सपाट झाली आणि महिन्याभरात पुन्हा फुगली. पण प्रतापरावांना युक्ती सापडली. घरात लग्नमुंज निघाली की बहिणीला नेऊन पाणी काढून आणायचं. फोटोत बरं दिसत नाही म्हणे! इकडे तिला भाताचा घास उतरेना, ते कुणाच्या फोटोत दिसणार होतं?

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर रूपश्रींनी स्कॅन काढला. "कॅन्सर नाही, क्षयही नाही," त्या म्हणाल्या. "लसिकेची पिशवी आहे, जन्मापासूनची. एवढ्या वयात अशी फुगलेली क्वचितच दिसते. ऑपरेशन करून सगळी काढू. जराशी राहिली तरी परत भरेल."

ऑपरेशनची तारीख मिळाली दोन महिन्यांनंतरची. आदल्या दिवशी प्रतापराव म्हणाले, "अंबू, एवढे मोठे डॉक्टर बघणार. स्वल्प पाणी काढून नीटनेटकं जाऊ."

आणि सवयीने त्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेल्या!

सकाळी मान चाचपून डॉक्टर रूपश्रींनी कपाळाला हात लावला. "रिकामी पिशवी शिरांना चिकटून बसते. तिची कड शोधू कशी? भरू द्या, मग या."

पुन्हा दोन महिने. अंबुबाईंच्या डोक्यात तिडीक गेली, भावापेक्षा स्वतःवर जास्त.

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना?" प्रतापराव कुरकुरले.

"सरी, अण्णा, ठीक आहे. आता भलं पुरे."

गाठ भरली, पहिल्यापेक्षा मोठी झाली. घोटभर कॉफी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तरी त्यांनी गाठीला सुई लावू दिली नाही. नव्या तारखेला पिशवीत दोन लुगडी घालून त्या एकट्याच बसने इस्पितळात पोचल्या.

नर्सने कागद पुढे केला. "सहीला मोठं कुणी आलं नाही?"

"बेचाळीस वर्षांची आहे मी," अंबुबाई म्हणाल्या. "आणखी किती मोठं हवं?" आणि त्यांनी पेन मागितलं.