कमलताईंचा दुसरा फॉर्म

"हा फॉर्म कोणी भरला?" मी विचारलं.

"आमी," कमलताई म्हणाल्या.

"आम्ही म्हणजे?"

"लाईनवरच्या समद्या."

मी डोक्याला हात लावला. कामथडीजवळच्या एका भाजी पॅकिंग युनिटमध्ये मी तेव्हा एचआर बघायचो. सुपरवायझरची एक जागा निघाली होती, कायम नोकरीची. कमलताई सात वर्षं कंत्राटावर होत्या, भाटघर धरणाच्या वर डोंगरातल्या वाडीतून रोज एसटीने यायच्या. ही जागा त्यांना हवीच होती. पण मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात पर्सनॅलिटी टेस्ट शिरली होती. म्हणजे स्वतःच्या स्वभावाबद्दल चाळीस वाक्यं. अजिबात लागू नसेल तर एक, पुरेपूर लागू असेल तर पाच. शेवटी व्हॅल्यूज: आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, ते पहिलं लिहायचं.

"अहो, प्रश्न तुमच्याबद्दल आहेत. बायकांना कशाला विचारलंत?"

"मंग कुनाला इचारू? माझं तोंड मला दिसतंय व्हय?"

मी फॉर्म वाचायला घेतला.

'मला पटकन राग येतो' याला पाच होते. बढती मागणारा माणूस असं कधी लिहीत नाही. बाकीच्या उमेदवारांनी झाडून एक लिहिला होता, आणि त्यातल्या दोघांची भांडणं मी स्वतः सोडवली होती. पुढे 'एकटं राहायला आवडतं' याला पाच, आणि 'माणसांत मन रमतं' यालाही पाच! उत्तरं कॉम्प्युटरमध्ये टाकली, तर तो म्हणाला, जुळत नाहीत.

"यातलं खरं कुठलं, ताई?"

"दोन्ही. सुट्टीला डोंगरात शेरडांमागं दिसभर बोलत न्हाई म्या. हितं आले की तोंड मिटत न्हाई."

आमच्या टेस्टमध्ये अशा माणसासाठी रकानाच नव्हता.

व्हॅल्यूजमध्ये बायकांनी 'कुटुंब' पहिलं लिहिलं होतं. ते खोडून शेजारी वाकड्या अक्षरात 'स्वातंत्र्य' होतं.

"ह्ये मातर म्याच लिवलं," त्या हळूच म्हणाल्या. "घरात समद्यांचं ऐकते, सायेब. एका जागी तरी माझं कुनी ऐकावं."

ही जागा त्यांनाच मिळावी, असं मला अगदी मनापासून वाटलं. फॉर्म घेऊन मी मॅनेजरकडे गेलो.

"घोळक्यात बसून भरलाय? बाद."

"सर, पण खरा आहे."

"असेल. व्हॅलिड नाही. एकटीला बसवून परत भरून घ्या, नाहीतर नाव काढा."

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या केबिनमध्ये बसवलं. दहा मिनिटांत फॉर्म तयार. राग एक. एकटं राहणं तीन, माणसांत रमणं तीन. पहिली व्हॅल्यू कुटुंब. कॉम्प्युटर खूश झाला: स्वभाव समतोल, पदासाठी योग्य. मॅनेजरनी लगेच सही केली.

ऑर्डर हातात देताना मला राहवेना. "स्वातंत्र्य का नाही लिहिलंत?"

"लिवनार व्हते. पन तुमी समोर बसला व्हता न्हवं?"

माणसाला एकटं बसवलं की तो स्वतःबद्दल खरं सांगतो, असं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मीही ते पुढे कित्येकांना शिकवलं. कमलताई आज सुपरवायझर आहेत. लाईन उत्तम चालते, आणि त्यांचा आवाज गेटपर्यंत येतो. फाइलमध्ये मात्र दुसरीच कोणी शांत बाई आहे. तिला नोकरी मी दिली, पण ती कोण, ते मला अजून कळलेलं नाही.