नाव न घेता

सकाळी उठल्यावर माझ्या सासऱ्यांना शिंका यायच्या आणि मत यायचं. शिंका थोड्या वेळाने थांबत. मत मात्र दुपारपर्यंत वाढत जाई, आणि ज्या हातांनी ते जगापुढे जायचं ते हात त्या वेळी भाकरीच्या पिठात असत. म्हणजे माझे.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा कृषी खात्यातून निवृत्त झाले, पण पूर्ण निवृत्त होणं त्यांना कमीपणाचं वाटलं. आठवड्यातले तीन दिवस ते मोंढ्याच्या बाजारात एका मित्राच्या बियाण्याच्या दुकानात बसून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचे. उरलेले चार दिवस सल्ला घ्यायला कोणी नसायचं, म्हणून त्यांनी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं ‘स्पष्टच सांगतो’. माझ्या नवऱ्याने तो त्यांना काढून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून अंग काढून घेतलं. मुलगी टायपिंगची परीक्षा पास आहे, असं माझ्या आईने लग्न ठरवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ते कौतुक मी पुढे नऊ वर्षं निस्तरलं.

मामा लिहायचे ते दुकानातून आणलेल्या जाहिरातीच्या कागदांच्या पाठीवर. एका बाजूला कपाशीचं टपोरं बोंड, दुसऱ्या बाजूला ‘लग्नपत्रिकेत नावं किती असावीत’. मी टाईप करायला बसले की ते मागे उभे राहायचे. “सूनबाई, एक मात्रा इकडची तिकडं नको. स्वल्पविराम मी बराबर इचार करून देतो,” ही ताकीद दरवेळी. एकदा एका वाक्यात सात स्वल्पविराम होते, त्यातले दोन मी गाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवरची अक्षरं मोठी करून कागदाशी ताडून पाहिली, दोन्ही परत घालायला लावले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मजकूर ब्लॉगवर आला की कागदाशी ताडून पाहणं हा त्यांचा नेम होता. तो कधी चुकला नाही, हे लक्षात ठेवा.

बरं, लिहून गप्प बसावं, तर तेही नाही. लिहिलेलं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं आणि मग एकेकाला फोन करून विचारायचं, वाचलं का. वाचलं म्हणणाऱ्याची सुटका नसे. तिसऱ्या परिच्छेदात काय म्हटलंय ते सांगा, असा पुढचा प्रश्न यायचा. माझे चुलत दीर तर मामांचा फोन आला की मुलाच्या हातात देऊन गोठ्याकडे निघून जात.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची नाव न घेण्याची पद्धत. आपण कधी कोणाचं नाव घेत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! ‘मस्तगडात, चढावर, निळ्या दाराच्या घरात राहणारे एक गृहस्थ रोज आपला कचरा शेजाऱ्याच्या पायरीशी लोटतात’ असं त्यांनी लिहिलं. आम्ही मस्तगडात चढावरच राहतो आणि निळं दार गल्लीत एकच होतं. ते गृहस्थ तावातावाने आले. मामा शांतपणे म्हणाले, “नाव कुठं घेतलंय मी? तुम्ही स्वतःहून आलात.” त्या बिचाऱ्यांनी पुढच्या आठवड्यात दार हिरवं करून घेतलं. मामांनी लगेच लिहिलं की दाराचा रंग बदलल्याने कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही. आजही मी त्या घरावरून जाताना मान खाली घालते. टाईप मीच केलं होतं ना.

दुकानमालक मित्राने तर हात टेकले होते. सल्ला विचारून तो न ऐकणाऱ्यांवर मामांनी लेख लिहिला, नाव न घेता, पण एका शेतकऱ्याच्या एकशिंगी बैलासकट. तो शेतकरी पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मी वैतागून म्हटलं की मामा, निदान बैल तरी गाळायचा होता. तर म्हणे बैल खरा होता, खरं कसं गाळणार.

आता वर्षाची गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

वर्षा माझी धाकटी बहीण. आमचं माहेर अंकुशनगरच्या अलीकडे. तिला पाहायला हसनाबादकडची मंडळी आली, तेव्हा मामा आणि मीही गेलो होतो. मुलगा चांगला होता. अंगणात दहा मिनिटं दोघं बोलले, आणि वर्षा आत आली तेव्हाच मला कळलं की तिच्या मनात भरला आहे. पण मुलाचे काका जुन्या वळणाचे. त्यांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. एकदा नाही, दोनदा. साडी जरा वर धरून. वर्षा चालली. आई भिंतीकडे बघत होती. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला, पण मुलीकडचे आम्ही, काय बोलणार.

तिसऱ्या दिवशी मामांचा कागद तयार होता. मुलींना चालून दाखवायला लावण्याच्या रीतीवर. मी वाचला आणि थक्क झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरोखर कोणी ओळखू नये असं लिहिलं होतं. गाव नाही, वाहन नाही, मिशी नाही. माझ्या माहेरचा मामला म्हणून त्यांनी बैल गाळला होता. दुपारी ते दुकानात गेले होते, मागे उभं राहायला कोणी नव्हतं. मी टाईप करत गेले आणि शेवटी एक वाक्य माझ्या मनचं घातलं: ‘ज्यांना स्वतःला काठीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, ते मुलीचे पाय तपासतात.’

त्या काकांच्या हातात काठी होती. त्यांचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता, हे मला नंतर कळलं.

मग बटण दाबलं. त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी मामा फोन आणि कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी तव्याकडे बघत राहिले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “चहा ठेव.” एवढंच. लेख ग्रुपवरून पुढे जात दुपारपर्यंत हसनाबादला सगळ्यांनी वाचला होता. संध्याकाळी मध्यस्थाचा निरोप आला की ही सोयरीक होणार नाही.

दोन दिवसांनी मामा मला घेऊन माझ्या माहेरी गेले. आईने त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. तिने एकच विचारलं, रीतीवर लिहायचं ते लिहा, पण ते काठीचं कशाला लिहायचं होतं? मी दारात उभी होते. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “लिहिण्याच्या भरात गेलं.”

एका स्वल्पविरामासाठी दोन दिवस रुसणारा हा माणूस. त्याने माझं अख्खं वाक्य आपल्या अंगावर घेतलं. आणि मी? मी दारातच उभी राहिले. आतून वर्षाच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि माझं तोंड उघडलं नाही.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, मामा, मी सांगते त्यांना. ते बाहेरच्या उसाकडे बघत होते. म्हणाले, “बिलकुल सांगू नको. माझ्यावर रागवायची लोकान्ला सवय हाय. तुला माहेर लागतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “वाक्य मातर चांगलं झाल्तं. पुन्हा घालू नको मंग.”

मी त्यांना तो लेख काढून टाकायला सांगितलं, तर तेही ऐकलं नाही. काढला तर लोक कारण विचारतील, म्हणे. इतका हट्टी माणूस! दोन वर्षांनी वर्षाचं लग्न दुसरीकडे झालं. पत्रिका आली ती फक्त माझ्या आणि नवऱ्याच्या नावाची. मामांनी पाकीट उलटून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणाले. लग्नाच्या दिवशी ते दुकानात जाऊन बसले, त्यांचा तो दुकानाचा वार नव्हता. आई तर पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी आलीच नाही.

ती आली मामांच्या दहाव्याला. गेल्या हिवाळ्यात ते दुकानात कोणाला तरी हरभऱ्यावर सल्ला देता देता गेले. आईने फोटोपुढे हात जोडले आणि मला म्हणाली, “माणूस वाईट न्हवता गं. त्या एका वाक्यानं सगळं नासवलं.” मी तिच्यासाठी चहा ओतला. पुन्हा गप्प बसले.

मामा, तुम्ही नऊ वर्षं माझ्या डोक्याला ताप दिलात आणि जाताना हा सगळ्यात मोठा ताप मागे ठेवून गेलात. तुमच्यावर रागवावं तर तेही करता येत नाही. त्या वाक्यानंतर तुम्ही माझ्या टायपिंगमागे उभं राहणं सोडलंत, आणि मी कधी एक मात्राही बदलली नाही. मला तुमची फार आठवण येते. चहाच्या आधी घरात कोणी शिंकत नाही.

ब्लॉगचा पासवर्ड माझ्याकडे आहे. हे तुमच्याच ब्लॉगवर टाकते आहे, त्या लेखाच्या खाली लगेच दिसेल असं. वर्षा फोनवर वाचेल, आईला वाचून दाखवेल. माहेर राहील की जाईल, मला माहीत नाही. तुम्ही असता तर बटण दाबू दिलं नसतं.

वर्षा, काठीचं वाक्य मामांचं नाही. ते मी लिहिलं. मी, तुझी ताई, सुरेखा.