दाताच्या कॅप्सूल

मी आज जो काही आहे तो दिनकरतात्यांमुळे. ते कुपवाडला कारखान्यात लेथवर कामाला होते. पाटणकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला सांगलीला फार्मसीला प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठं... तात्या वडिलांचे सोबती, नात्याचे नव्हेत. म्हणाले, "आमी दोघं झोपतो त्या खोलीत. तिसरा काय आढ्याला लटकनार हाय व्हय?" चार वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो.

त्यांना जाऊन दीड महिना झाला. पायात लोखंडाचा कीस घुसला, जखम चिघळली, म्हणून ते जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" यंत्राशेजारी आयुष्य काढून तात्यांचे कान गेलेले. उत्तर त्यांच्या बायकोनं, कमलमावशींनी दिलं, "न्हाई वो. आमचं मालक लोखंड पचिवत्यात." पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत घसा सुजला, श्वास अडकला. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर, रिक्षातच ते गेले. अशा वेळी लगेच द्यायचं औषध त्या दवाखान्यात होतं का, हे मी जाऊन विचारलं. कंपाउंडरनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मावशींना काय दोष देऊ? दिवाळीत दात काढल्यावर तात्यांना अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. गल्ली म्हणाली, पित्त उठलंय. मावशींनी आमसुलाचं पाणी चोळलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. विषय संपला. हे पित्त नव्हे, आणि त्याच कुळातलं इंजेक्शन पुढे जीव घेऊ शकतं, हे ओळखणारा त्यांच्या माणसांत एकच होता... मी. साताऱ्यातल्या औषधाच्या दुकानात अनोळखी गिऱ्हाइकांना मी हे रोज बजावतो.

तात्यांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून आमचं सगळं पत्रावर चालायचं. त्यांनी कॅप्सूलचं कळवलं, तेव्हाच मला नोकरीत कायम केलं होतं. सांगली काही लांब नाही, पण मी गेलो नाही. पत्र लिहिलं.

तेराव्याला मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं ते पत्र माझ्या हातात दिलं. "गल्लीभर वाचून दावलं रं त्यांनी. निम्म्यातच रडायला लागायचं, पुढचं कवा वाचलंच न्हाई."

तीन पानं आहेत.

"तीर्थस्वरूप तात्या यांस, शिरसाष्टांग नमस्कार. मला नोकरीत कायम केलं. तुम्ही ताटातली निम्मी भाकरी दिली नसती तर मी आज गावात गुरं राखत असतो. हे ऋण सात जन्मांत फिटणार नाही..."

पुढची दोन पानं असंच. मग:

"कळावे, लोभ असावा. आपला, संजय.

ता. क. – त्या दाताच्या कॅप्सूल पुन्हा घेऊ नका. बाकी काळजीचं काही नाही."